मिनासच्या पुस्तकातले बाबा

मांद्राकी, निसिरोस बेट, ग्रीस
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय मिनास,

तुझ्या ताईचे खूप आशीर्वाद. इथे बदाम फुललेत. सकाळी ज्वालामुखीकडून गंधकाचा वास घेऊन वारा येतो, फुलं गच्चीवर उडत येतात. वाळत घातलेल्या चादरीत कापड किती आणि फुलं किती, कळेनासं होतं. बाबांचा खोकला कमी आहे.

तुझं कवितांचं पुस्तक पोचलं. मला सगळं कळलं असं नाही. एका पानावर नुसतं बोटींचं वेळापत्रक, एक पान कोरं, आणि त्या कोऱ्या पानाला तळटीप. पण पुराणातली, पाताळात नेलेली पर्सेफनी प्लास्टिकची पिशवी घेऊन आपल्याच धक्क्यावर उभी आहे, तिथे मी थांबले. ती पिशवी माझी. तुझ्या कवितेत बापाने स्वतः तिचा हात पाताळराजाच्या हातात दिला, आणि आई तिला हाका मारता मारता हिवाळा होऊन गेली.

बाबांना आता दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्या पानाशी थांबले. "वाच ना," म्हणाले. वाचलं. मग म्हणाले, "बोटीचं बरोबर लिहिलंय पोराने. तेव्हा मंगळवारीच यायची."

मिनास, मी गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. बाबांनी मला रोड्सला घरकामाला धाडलं, असं तुला आणि साऱ्या गावाला त्यांनीच सांगितलं. धाडलं नव्हतं. मी कालिम्नोस बेटावरच्या एका पाणबुड्याबरोबर निघून गेले, कुणाला न सांगता. समुद्राच्या तळातून स्पंज काढायचा तो. त्याच्या अंगाला खोल पाण्याचा वास यायचा. चार महिने मी सुखात होते. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. आई गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. परतले तेव्हा बाबा धक्क्यावर चारचौघांत मोठ्याने म्हणाले, "मालकिणीने सोडलं का शेवटी?" आणि पिशवी हातातून घेतली. घरी एका शब्दाने विचारलं नाही.

पुढे त्याच रागात तू घर सोडलंस, त्यांच्याशी बोलणं टाकलंस. मी खरं न सांगता बघत राहिले.

काल म्हटलं, "बाबा, मी त्याला खरं लिहिते."

"नको. त्याची कविता मोडेल."

"मोडू दे."

"त्याचा राग माझ्यावर आहे, म्हणून त्याला बहीण तरी उरली, सेवास्ती. या वयात मला काय फरक पडतो?"

पडतो, मिनास. बोटीचा भोंगा झाला की ते रोज सदऱ्याचं वरचं बटण लावून बसतात.

ईस्टरला ये. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, मी शेजारी झोपायला जाईन. पुस्तकात काही बदलू नकोस. ते पान बाबा पुन्हा पुन्हा वाचायला सांगतात. पण आता मी वाचणार नाही. तू येऊन वाच.

कुणीही न नेलेली, आपल्या पायांनी गेलेली,
तुझी ताई,
सेवास्ती