खिंडीतला चहा

बुधवार, ८ जानेवारी
डहाणूत येऊन आज चौथा दिवस. बँकेची बदली झाली तेव्हा सांगलीत सगळ्यांनी असं तोंड केलं, जणू मी काळ्या पाण्यावर निघालेय. इथे बघते तर खिडकीखाली चिकूची वाडी, संध्याकाळी समुद्राचा वारा आणि घरमालकीण सुनिताबेन न मागता ढोकळा आणून देतात. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, हिरूला, दोन खोल्यांचा राजवाडा मिळालाय. हे पुण्याहून जमेल तसे येतील. बँकेत दोघांशी लगेच गट्टी जमली. कॅशियर सुषमा तलासरीची, तोंडाचा पट्टा सतत चालू. शिपाई उमेश रानशेतचा, त्याची स्वतःची इको गाडी आहे. शनिवारी सुट्टी, तर कळसूबाईला जायचं ठरवून टाकलं. राज्यातलं सगळ्यात उंच टोक! हिरू सुनिताबेनकडे राहील.

शनिवार, ११ जानेवारी, बारी गाव
पायथ्याशी मुक्काम आहे. सकाळी तलासरीहून सुषमाला घेऊन सायवनकडच्या आतल्या रस्त्याने निघालो. पुढे एका खिंडीत गाडी तापली. उमेश कॅन घेऊन खाली ओढ्यावर गेला. मला चहाची तल्लफ आली. पातेलं, साखर, पावडर सगळं बरोबर होतं आणि रस्त्याकडेला झाडाखाली डहाळ्यांची ही मोठी रास आयती पडलेली. वरच्या ओल्या, खालच्या खडखडीत वाळलेल्या. ओढून काढल्या, तीन दगड मांडले आणि फक्कड चहा केला. सुषमा म्हणाली, असा चहा जन्मात प्यायले नाही. उमेश परत आला आणि राखेकडे बघतच राहिला. त्याला कप दिला तर नको म्हणाला. झाडाची एक डहाळी मोडून त्या जागी ठेवली आणि गाडी सुरू केली. त्याच्यासाठी थांबलो नाही म्हणून रुसला असावा.

रविवार, १२ जानेवारी
शिखर झालं. खरं सांगायचं तर झालं म्हणायचं फक्त. मी सांगलीत रोज तास-दीड तास चालणारी बाई, पण पहिल्या शिडीलाच पोटऱ्यांत गोळे आले. सुषमा तर देवळापाशी आडवीच झाली. देवीला नारळ वाढवला, फोटो काढले, फोटोत दोघी हसतोय. उमेश मात्र वाऱ्यासारखा वर गेला. गाडीत बसल्यावरही पाय चढतच होते.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटायलाही उठवत नाहीये. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट चांगले आहेत, जास्त चाललात, आराम करा. करते की आराम! पण जितकं पडावं तितका शीण वाढतो. आणि हा शीण माझा नाही, हे कसं सांगू? मान दुखते ती डोक्यावर भारा असल्यासारखी. मी आयुष्यात डोक्यावर कधी भारा घेतलेला नाही. डावा हात कोपरात वाकलेलाच राहतो, कडेवर पोर असावं तसा. कंबर म्हाताऱ्या बाईची, खांदे कुणा हमालाचे. एका अंगात किती जण थकलेत.

गुरुवार, १६ जानेवारी
सुषमा आज मला बघायला आली ती टवटवीत! काल सासूबाईंनी पाय चेपून दिले, मेल्यासारखी झोपले, सकाळी सगळं गेलं, म्हणाली. मला हेवा वाटला.

शुक्रवार, १७ जानेवारी
सुषमाच्या सासूबाई गेल्या. खाटेवरच. काल सकाळपासून उठल्याच नव्हत्या, आता दमले गं, एवढंच म्हणत होत्या.
संध्याकाळी उमेश मला रानशेतला त्याच्या आईकडे घेऊन गेला. पुतळीबाई नाव. माझा वाकलेला हात बघून त्यांनी मला लांबच बसायला सांगितलं. मग सांगितलं ते असं. पूर्वी ओझी घेऊन लोक ती खिंड चढायचे. वर आलं की एक डहाळी मोडून ठेवायची, शीण तिथेच ठेवायचा आणि पुढे जायचं. आजही ठेवतात. त्या राशीला कुणी हात लावत नाही. बाय, तो शीण तुझा नाय, म्हणाल्या, लोकांनी ठेवेल, तो तू जाळून प्यायलीस. आता पायी खिंड चढायची आणि तिथेच ठेवून यायचं. तोवर कुणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही. कुणी मायेने चेपलं की तो त्याच्याकडे जातो.
उमेशला विचारलं, त्याच दिवशी का नाही बोललास? म्हणाला, साहेब लोक हसतात म्याडम.

शनिवार, १८ जानेवारी
आजच जायचं होतं. जिना उतरवला नाही. उमेश उद्या सकाळी गावातली दोन माणसं घेऊन येणार, डोलीतून खिंडीखाली नेतील, चढायचं मात्र मलाच. ह्यांना फोन केला, उद्या दुपारी पोचतील. सुनिताबेन लग्नाला वलसाडला. हिरूला कुठे ठेवू?
तिला सांगितलं, आईजवळ यायचं नाही. ती रडली. आतल्या खोलीत ठेवून मधल्या दाराला कडी लावली. दाराआडून विचारतेय, आई, तुझे पाय दुखतात का? मी चेपू?
नको म्हणाले.
म्हणायला किती वेळ लागला, ते देवालाच ठाऊक. हलकं व्हावंसं वाटतं. एकदाच. नुसतं एक –
नाही. कडी लावलेली आहे. आजचा दिवस –

रविवार, १९ जानेवारी
पाय हलके.
मान हलकी. हात सरळ झालाय.
कडी काढलेली. कडी माझ्या बाजूला आहे. मी उठल्याचं आठवत नाही.
आठवतंय.
हिरू पायांशी बसल्या बसल्या झोपलीये, तिचे हात माझ्या पोटऱ्यांवर. उचलायला गेले. उचलत नाही. एवढीशी पोर, केवढी जड –
उमेशची गाडी आली. त्याला वरून ओरडले, लवकर ये. डोली हिला. पण चढायचं तर तिलाच – ती कशी –
तिने डोळे उघडले. विचारते, आई, अजून किती चढायचंय?
झालं गं राणी, आलंच.
तिचे पाय मांडीवर घेतलेत. एका हाताने लिहितेय, एका हाताने दाबतेय. जोरात. सगळी माया लावून. माझ्याकडे यायला हवं, परत यायला हवं. काहीच येत नाही. कडी काढणाऱ्या हातात माया उरली नाही का? मी अजून हलकीच, आणि ती –