ड्रायव्हरच्या बाजूचा ओरखडा

रविवार, ९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सासूबाई ठीक, ह्यांचा खोकला ठीक, माझं डोकं सोडून बाकी सगळंच ठीक. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू "हं, हं, ठेवते" याच्या पुढे जात नाहीस, आणि हे ऐकायला तुला खाली बसवायला हवं.

बटणवाल्यांची गाडी कोणीतरी चालवतंय.

आमच्या गोदामात श्रीमंतांच्या तेरा-चौदा गाड्या कोरड्या हवेत झोपलेल्या असतात आणि मी त्यांची आया, हे तुला माहीत आहेच. पण ही गाडी वेगळी. इटलीतल्या एका लहानशा कारखान्यात माणसांनी हातांनी जोडलेली, जगभरात मिळून पन्नासही नसतील. माझ्या कमरेला लागते, म्हणजे तुझ्या छातीला लागेल, बुटके. अंग सगळं कार्बन फायबरचं, दोन माणसांनी दार उचलून नेलं तर बिस्किटाचा डबा उचलल्यासारखं वाटेल. बारा सिलिंडरचं इंजिन पाठीमागे काचेखाली, असं मांडलेलं की बघणाऱ्याने आवाज खाली करावा. स्टीअरिंग त्यांच्याकडच्या पद्धतीने डावीकडे. गिअरचा दांडा धातूच्या उघड्या खाचांतून फिरतो आणि प्रत्येक वेळी खट्ट असा आवाज करतो. तू दोनदा बघायला आलीस तेव्हा दोन्ही वेळा हात मागे बांधून उभी होतीस. मला तेव्हा वाटलं, बाईसाहेबांना आवडलेली दिसत नाही.

बटणवाले, म्हणजे जे शर्टांची बटणं करून एवढे मोठे झाले ते, स्वतः चालवत नाहीत. त्यांना तिची भीती वाटते, आणि ते बरोबरच आहे. तापल्याशिवाय टायर रस्ता धरत नाहीत, क्लच दाबताना पोटरीत गोळा येतो, मागचं काही दिसत नाही. इंजिन अर्ध्या वेगापर्यंत सभ्य असतं, त्यानंतर कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मी दर रविवारी तेल गरम होण्यापुरती हायवेच्या पुलापर्यंत नेते आणि देव आठवत परत आणते.

तर परवा शुक्रवारी सकाळी मी आवरण काढलं आणि मनात पाल चुकचुकली. गाडी लावताना मी नेहमी चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणून थांबवते. टायर एकाच जागी चपटं होऊ नये म्हणून ही माझी खूण, दर वेळी कुठला भाग खाली होता ते कळतं. चारही व्हॉल्व्ह भलतीकडे. पुढे जाऊन बघते तर नाकावर माश्या चिकटलेल्या. आता तूच सांग, गल्लीतल्या वेगाला माशी मरते? ती बाजूला होते. ह्या माश्यांना बाजूला व्हायला वेळच मिळाला नव्हता.

गुरुवारी मी नव्हते. गुरुवारी मी सासूबाईंना डायलिसिसला नेते आणि दिवसभर तिथेच असते, हे अख्ख्या गोदामाला ठाऊक आहे. पहारेकरीकाकांना विचारलं तर म्हणतात, बाहेरचं कोणी आलंच नाही. गाड्या धुणारा माझ्याकडे न बघता बादलीकडे बघून बोलतो. कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की.

किल्ली माझ्याच घरात, स्वयंपाकघराच्या दारामागे, माझ्या कामाच्या डांगरी-टोपीच्या शेजारच्या खिळ्यावर असते. तू गुरुवारी शाळेच्या बसमधून मुलांना पोचवून माझ्याकडे येतेस, घर सांभाळतेस, तेव्हा जरा लक्ष ठेव. कोणी येतं-जातं का, किल्ली जागेवर असते का. तुझी नजर माझ्यापेक्षा तिखट. टायरवाल्यांच्या चाचणीच्या ट्रॅकवर ज्या बाईने दहा वर्षं गाड्या पळवल्या, तिच्या नजरेतून काय सुटणार?

बटणवाल्यांना अजून कळवलेलं नाही. कळलं तर माझी नोकरी गेली म्हणून समज.

तुझं,
शेपूट


शनिवार, १५ मार्च

ती. ताई,

नमस्कार-चमत्कार पुढच्या वेळी. गाडीला ओरखडा पडलाय.

पुन्हा गुरुवारच. चाकाच्या रिमवर विळ्याने ओढल्यासारखी खूण आणि त्याच्यामागे दाराखालच्या कार्बनच्या पट्टीचा वरचा चकचकीत लॅकर गेलेला. गेटच्या खांबाला त्याच उंचीवर काळी रेघ आहे. बोट लावून बघितलं, बोट काळं झालं.

आणि आज मालक आले. येणार नव्हते, पण आले. बटणवाल्यांचा स्वभाव असा, की त्यांना शर्टाच्या आतलं बटणही उलटं लावलेलं दिसतं. पाच मिनिटांत खांबापाशी उभे. म्हणाले, "तुमचा पहारेकरी काढून टाका. किल्ली कोणाकडेही असली तरी गेट त्याच्याच हातात आहे ना?" मी म्हटलं, मला आठवडाभर द्या, मी शोधते. काकांचे गुडघे गेलेत, ह्या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार?

पण काकाही काही कमी नाहीत. मालक गेल्यावर मला म्हणतात कसे, "बाई, माझ्यावर कशाला घेता? गुरुवारी तुम्हीच तर गाडी काढलीत. आणि काय सुरेख काढलीत! एरवी गेटपाशी दोनदा बंद पाडता. त्या दिवशी लोण्यातून सुरी." मी गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर बसले होते! तोंडावर खोटं बोलतो म्हातारा, वर टोमणाही मारतो. तेव्हापासून त्यांच्याबद्दलची माझी दया निम्मी झालीय.

आता एक विचारते, रागावू नकोस. भावजी गुरुवारी दुपारी कुठे होते?

विचारायला जीभ रेटत नव्हती, म्हणून लिहितेय. पण तुझा नवरा मला भेटला की आधी गाडीची चौकशी करतो, मग माझी. "तीनशेच्या वर जाते म्हणे? शंभर गाठायला किती वेळ?" मी एकदा म्हटलं, तुम्ही 'अगं आई' म्हणेपर्यंत. तर डोळे काय चमकले त्यांचे! किल्ली कुठे असते हे त्यांना माहीत आहे. आणि बायकोच्या बहिणीच्या नोकरीपेक्षा मित्रांसमोर मारायची बढाई मोठी, हा स्वभाव तर तुझ्याच तोंडून शंभरदा ऐकलाय.

लिहिता लिहिता माझं मलाच पटेनासं झालंय. कारण मी आज सीटवर बसून पाहिलं. सीट मागे गेलेली नाही, पुढे आलीय, माझ्यापेक्षाही पुढे. भावजींचं पोट आधी गाडीत शिरतं आणि भावजी नंतर. ते त्या सीटवर आणि त्या स्टीअरिंगमागे? शक्यच नाही. मग कोण? धुणारा तर ताडमाड आहे.

आणखी एक गोष्ट खटकतेय. एवढी रुंद गाडी, चालवणारा डावीकडे बसलेला. नवखा माणूस तिला घासेल ती उजवीकडे, लांबच्या बाजूला, जिकडचा अंदाज येत नाही. मीही दोनदा वाचलेय ती उजवीकडेच. हा ओरखडा डावीकडे आहे. त्याच्या स्वतःच्या कोपराखाली, जिथे खांब खिडकीतून आत डोकावतो. तो कसा दिसला नाही? गेटमधून लोण्यातून सुरी आणि परत येताना नाकाखालचा खांब दिसत नाही. मला ह्या माणसाचा मेळच लागत नाही.

असो. डोकं शिणलं. गुरुवारी स्वयंपाकघराच्या दारावर खांदा आपटून घेतलास म्हणालीस, तो आता कसा आहे?

शेपूट


शुक्रवार, २१ मार्च

ताई,

हे पत्र टपालाने येणार नाही, तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. समोर बसून बोलले असते तर तू मला बोलण्यात गुंडाळलं असतंस, लहानपणापासून गुंडाळत आलीयस.

भावजींवर संशय घेतला आणि तू भांडायला आली नाहीस, तिथेच मी सावध झाले. तुझ्या नवऱ्याला तूच शिव्या द्यायच्या, दुसऱ्याने ब्र काढला की तू अंगावर धावून जातेस. ह्या वेळी फोनसुद्धा नाही.

म्हणून काल किल्ली माझ्या पर्समध्ये घातली, सासूबाईंसोबत ह्यांना पाठवलं आणि दुपारी न सांगता घरी आले. माझी डांगरी दारामागे नव्हती. तू ती घालून, टोपी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसली होतीस. मला बघून उठलीस आणि म्हणालीस, "साडीवर डाग पडतो गं भांडी घासताना." भांडी कोरडीच होती. पहारेकरीकाका खोटं बोलत नव्हते, एवढंच मनात आलं. त्यांनी लांबून माझी डांगरी पाहिली होती, माझी टोपी पाहिली होती.

तेव्हा मी संतापले होते, हे खरं सांगते. माझ्या नोकरीवर, त्या म्हाताऱ्याच्या नोकरीवर तू मजा मारत होतीस. काय काय सुनवायचं ते जिभेवर तयार होतं.

मग तू चहा केलास. माझा कप माझ्या हातात दिलास, तुझा डावीकडे ठेवलास. तिथे टेबल नव्हतं, ताई. टेबल वीतभर आधी संपलं होतं. कप फुटला आणि तू म्हणालीस, "हात ओला होता."

मला काय सुनवायचं होतं ते सगळं विसरायला झालं. खांब डावीकडे. दाराची चौकट डावीकडे. गेल्या महिन्यात पायरीवर मांजर तुडवलंस तेही डावीकडे. जेवताना कोणी डाव्या बाजूने बोललं की अख्खी मान वळवतेस, मला वाटायचं भाव खातेस. तुला डावीकडचं दिसत नाही. आणि तू हे कोणालाही सांगितलेलं नाहीस.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी स्कूटर काढली आणि तुझ्या बसच्या मागे आले. हो, आले. बहिणीचा पाठलाग केला, म्हण काय म्हणायचं ते. बेकरीच्या वळणावर तू बस डावीकडे घेतलीस. तिकडे एक सायकलवाला होता. तू त्याला पाहिलं नाहीस. ब्रेक त्याने मारला, पाय टेकवून थांबला, तुझ्या नावाने बोंबलला. मागच्या खिडकीत दोन मुली बसल्या होत्या, एकीने मला हात केला. मी तिथेच स्कूटर आडवी घालायला हवी होती. घातली नाही. ते माझ्या मनातून जात नाहीये.

तू ती गाडी का नेलीस हे मी दिवसभर स्वतःला विचारतेय. चोरी तुझ्या स्वभावात नाही. मला वाटतं मला कळलंय. पुलापलीकडे मी एकदाच तिला खरं पळवलं होतं. त्या वेगाला कडेचं सगळं पुसून जातं, झाडं, पाट्या, सगळं. फक्त समोरचा रस्ता उरतो आणि तो लांबून लांबून तुझ्याकडे येत राहतो. तिथे कोणालाच डावीकडचं दिसत नाही. तिथे तू पुन्हा पूर्वीची होतीस, नाही का? टायरवाल्यांच्या ट्रॅकवरची. मला रडू येतंय आणि मी रडतच लिहितेय, शाई पसरली तर पसरली.

पण बस त्या वेगाने जात नाही, ताई. बसला बेकरीचं वळण आहे, सायकलवाले आहेत, उतरून पुढून पळणारी पोरं आहेत.

आज दुपारी मी बटणवाल्यांना सांगितलं, गाडी मीच घासली. एकटी होते, अंदाज चुकला. त्यांचा विश्वास बसला नसावा, बटणवाले आहेत शेवटी. पण काकांची नोकरी राहिली. गाडी मात्र सोमवारी ट्रकवर चढणार, दुसऱ्या गोदामात जाणार. माझ्या नोकरीचं ते महिनाअखेर बघतील. जाता जाता म्हणाले, "रविवारची फेरी तेवढी करा. ट्रकवर चढण्याआधी एकदा तेल फिरू दे."

आता माझं ऐक. आयुष्यभर तू पुढे आणि मी मागे, नावच ते पाडलंस माझं. एकदा उलटं होऊ दे. सोमवारी बस बाहेर काढायची नाही. मुख्याध्यापिकाबाईंना उद्याच फोन कर, डोळ्यांचं सांग. त्या काही खाणार नाहीत, तुला फाटकावर, कचेरीत, कुठेतरी ठेवून घेतील. नाही ठेवलं तर आपण दोघी बेकार, घरात बसून एकमेकींचं डोकं खाऊ. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नेईन, गुरुवारी डायलिसिस त्याच इमारतीत असतं. पण तू फोन केला नाहीस, तर रविवारी संध्याकाळी मी करणार. मग तू जन्मभर माझ्याशी बोलणार नाहीस, हे धरूनच करणार.

हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि कागदाचा डावा अर्धा भाग कोराच ठेवलाय. बघ, वाचताना मान वळवावी लागली नाही ना?

आणि फोन केलास की रविवारी सकाळी गोदामावर ये. डांगरी नको, तुझे स्वतःचे कपडे घालून ये. काकांना तोंड दाखव, त्यांनी ते सुरेख ड्रायव्हिंग कोणाचं होतं ते एकदा बघू दे. मग पुलापलीकडे जाऊ. क्लच चुकला की ओरड, गिअर उशिरा टाकला की चापट मार, शिकवताना मारायचीस तशी. चालवणार मी. तू समोर बघ, हवं तेवढं बघून घे. त्या गाडीत चालवणारा डावीकडे बसतो. त्या बाजूचं मी बघेन.

तुझ्या डाव्या हाताला बसणारी,
तुझं शेपूट