पुऱ्या नावानिशी

पिंपरी पेंढार,
४ मार्च २००२

चि. सुभाष यास आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकंच उठलं. बंदरावर द्राक्षाचा म्हणून आलेला कंटेनर गारव्याचं मशीन बंद करून उन्हात उभा हाये, आन मुकादम म्हणतो तिकडं बघू नको. आन तू मला विचारतोस, आक्का काय करू! अरे, द्राक्षाच्या गावचा ना तू? मशीन बंद ठेवलं तर दुसऱ्या दिशी माल पाणी सोडतो. म्हंजी आत द्राक्षं न्हाईतच. आपली शेजारीण सखूबाई सत्तरीची म्हातारी, पण बांधावर अनोळखी जीप थांबली तर नंबर पाठ करती. तुला काय झालं?

गेटावर पाटी हाये म्हणतोस, संशय आला तर फोन करा, नाव सांगू नका. फोन कर. पण नाव सांग. बिननावाचं बोलणं म्हंजी चुगली. आपल्या आबांनी विहिरीवरल्या मोटारीचा चोर धरून दिला तवा चावडीवर बापाचं, गावाचं नाव घेऊन बोलले व्हते.

उज्ज्वलाला कुरडया पाठवल्यात. तिच्यापुरत्या ठेव, खादाडा. माया हाये ती राहू दे.

तुझी बहीण,
सौ. बायडाबाई धर्माजी वेठेकर


बंदरावरून,
११ मार्च २००२

ती. सौ. आक्कास सुभाषचा सा. न. वि. वि.

फोन केला. पलीकडचे साहेब म्हणाले नाव नको, फक्त कंटेनरचा नंबर सांगा. मी दोन्ही सांगितलं. सुभाष सावळेराम कुटे, मुक्काम पोस्ट पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर. साहेब हसले.

तपासायला कोणी आलं नाही. काल सकाळी कंटेनर जागेवर नव्हता. दुपारी मुकादमानं मला चहा पाजला. वर्षभर हा माणूस मला बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारतो. चहा देताना म्हणाला, तू सावळेरामचा पोरगा ना, पिंपरी पेंढारचा? चहा तसाच ठेवून मी उठलो.

उज्ज्वलाला यातलं काही बोललो नाही. कुरडया तिनंच संपवल्या. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझा,
सुभाष


पिंपरी पेंढार,
१८ मार्च २००२

चि. सुभाष यास आशीर्वाद. वि. वि.

काम सोड आन निघ. पगार ऱ्हायला तर राहू दे. पण हिकडं येऊ नको, कळंबला मावशीकडं जा. काल एक जीप आली व्हती. दोघं जण सावळेराम कुट्यांचं घर कुठलं म्हणून इचारत व्हते. आबा जाऊन दहा वर्सं झाली, त्यांना कोण इचारतंय? सखूबाईनं नंबर पाठ केला, मी चौकीवर जाऊन सांगितला. हवालदार म्हणाला, बाई, रस्ता हाये, गाड्या येणारच. मी लई भांडले. त्यानं पंखा वाढवला.

पत्र मिळताच निघ. उज्ज्वलाला संगं घे. उत्तर लिहीत बसू नको.

तुझी आक्का,
बायडाबाई


बंदरावरून,
२९ मार्च २००२

ती. सौ. आक्का यांना उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी हे सकाळी कामावर गेले होते. परत आले नाहीत. पत्र मीच फोडलं, मग तुमचं आधीचं पत्रही शोधून वाचलं, तेव्हा सगळं कळलं. मुकादम म्हणतो, तो स्वतःहून काम सोडून गेला, बाईबिई असंल. यांचा डबा मात्र यार्डातल्या नळाजवळ सापडला, भरलेला. पोलीस म्हणतात, वाट बघा.

शेवटी पाटीवरच्या नंबराला फोन लावला. त्यांनी विचारलं, तुमचं नाव काय. मी फोन खाली ठेवला.

आक्का, मी काय करू? तुमची माया आहे, एवढाच आधार.

आपली,
उज्ज्वला


पिंपरी पेंढार,
६ एप्रिल

उज्ज्वला,

फोन ठेवलास ते बरं केलंस. सामान तिथंच टाक आन गाडीत बस. कळंबच्या फाट्यावर मावशी उभी राहील. कुणी इचारलं तर तिची सून म्हणून सांग.

इथं कुणी काही करत न्हाई. आमच्या यष्टी थांब्यावर आता तसलीच पाटी लावलीया, जागरूक राहा, कळवा. मी वाचली आन थुंकले. सखूबाई जीप दिसली की आत जाऊन कडी लावती.

डबा घासू नको. तसाच घेऊन ये.

माया कर. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलं न्हाई, खाली बी घालत न्हाई. अक्षर तू वळखशील.