नारळ फोडून बघितलेला सिनेमा

दादा,

काल हे नगरला दुकानाचा माल भरायला गेले होते. येताना घरचं म्हणून जे आलं ते असं: वातींचा कापूस पावशेर, बारा रुपये. उदबत्तीचे दोन पुडे, दहा. माझ्या चष्म्याची एक काडी, पंधरा. आणि सिनेमाची एक सीडी, तीस रुपये. शेवटच्या आकड्याला मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "फूटपाथवर ढिगात पडली होती. आधी वरचं चित्र बघ, मग बोल." चित्रात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, अंगात जुना फौजी कोट, हातात बंदूक. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, त्याच्याही आधी एकदाच बघितलेला तो माणूस मी बघताक्षणी ओळखला. आपल्याकडे सीडी लावायचं यंत्र नाही, म्हणून आज दुपारी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले. त्यांच्या सुनेनं लावून दिली. काकू आता खाटेवरच असतात, डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाजावरून त्यांनीही ओळखलं. म्हणाल्या, "आगं, ह्यो तर आपला फौजी देव."

तुम्हाला आठवतच असेल. तुमच्या लेकीच्या सोळा सोमवारच्या उद्यापनाचा दिवस होता. लग्नाला सहा वर्षं होऊन गेलेली, पाळणा हलला नव्हता, आणि सोळाही सोमवार मी मीठ न खाता केलेले. तेव्हा आष्टीत कुणाकडे पूजा असली की एका दिवसासाठी रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणायची पद्धत पडली होती. गल्लीतल्या बायका जेवून झाल्या की देवाचा सिनेमा बघायच्या. स्टँडजवळच्या दुकानातून मीही शंकराची कॅसेट सांगून आणवली. डबीवर पिंड होती, नाग होता, सगळं नीट होतं. दुपारचे दोन वाजलेत. पंचवीस-तीस बायका दाटीवाटीनं बसल्यात, प्रत्येकीच्या मुठीत अक्षता. काकू टीव्हीला हळदकुंकू लावतात, डबीवर बेलाचं पान ठेवतात, मी उंबऱ्यावर नारळ फोडते. बटण दाबलं, तर पडद्यावर एक म्हातारा पलंगावर बसून बंदूक पुसतोय.

आम्हाला वाटलं, हा पुढे शंकराला शरण जाईल. कसलं काय. दुकानदारानं डबी एकाची आणि कॅसेट दुसऱ्याची घातली होती. मी बंद करायला उठले तर काकूंनी माझा पदर धरला. "नारळ फुटलाय बाय. आता कहाणी अर्धी टाकून उठायचं न्हाई. तुझ्या व्रताचं उद्यापन हाय, खेळ न्हाई." मलाही ते पटलं. एवढे सोमवार केलेले, शेवटी अपुऱ्या कहाणीचा दोष कुठे लावून घ्या. मग आम्ही सगळ्या बायकांनी हातात अक्षता धरून, पदर डोक्यावर घेऊन, कुणाच्या ऐकण्यात नसलेला तो मारामारीचा सिनेमा शेवटपर्यंत बघितला.

तुम्ही ओट्यावर बसला होतात, दाराच्या चौकटीला पाठ लावून. बँकेच्या पहाऱ्यावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आला होतात. बाजूला तुमची ती फौजेतली पाण्याची बाटली, खाकी कापडाच्या खोळीतली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत तुम्ही दोन लढाया करून आलात तरी सोडली नव्हती. आई गेल्यावर मी किती म्हटलं की इथंच राहा. तुम्ही बँकेमागं खोली घेतलीत, स्वतःच्या हातानं भाकरी थापायचात, आणि दुपारच्या सुट्टीत डबा नि बाटली घेऊन माझ्या ओट्यावर जेवायला यायचात. माझं म्हणून काही चालायचं नाही, फार तर मिरचीचा ठेचा. तोसुद्धा, "ह्याला पानी लागत न्हाई ना?" असं विचारून.

सिनेमा चालू असताना तुमचं आपलं बाहेरून सुरू होतं. "नळी सोताकडं धरून पुसतोय. ह्याला कुनी भरती केला?" थोड्या वेळानं, "आरं, एवढ्या गोळ्या ह्याला देतंय कोन? आमाला रिकामं टरफलबी मोजून द्यावं लागायचं." बायका पदराआडून हसत होत्या. गोष्ट साधीच होती. म्हातारा लढाईतून आलेला, पाय लंगडा. त्याच्या गल्लीत गुंड येतात, भाजीवाल्याला मारतात, पोलीस काही करत नाहीत. मग हा ट्रंकेतून कोट काढतो आणि एकेकाला गाठून मारतो. पहिला गुंड गोळी लागून पडला, पडला तो मेलाच. तेव्हा तुम्ही म्हणालात, "इतक्या लौकर न्हाई मरत." त्यालाही बायका हसल्या. मीसुद्धा हसले. शेवटी म्हातारा जिंकला तेव्हा काकूंनी पडद्यावर अक्षता टाकल्या, मग सगळ्यांनी टाकल्या, आणि मी चुरम्याचा प्रसाद वाटला. कहाणी पुरी झाली.

पण कहाणी पुरी झाली की फळ मागायची सवय असते आम्हाला. आणि आमच्या गल्लीत गुंड होताच. त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या, सकाळी आठला सरकारी टँकर यायचा. टँकरवर ठेकेदाराचा एक माणूस असायचा, मोटारसायकल घेऊन पुढे पुढे. तो आधी आपल्या माणसांचे ड्रम भरून घ्यायचा. उरलेल्या तळच्या गढूळ पाण्यावर आम्ही तीस घरं तुटून पडायचो. कुणी बोललं की तो पायानं घागर उडवायचा. काकूंच्या तांब्याच्या घागरीला त्यानं पाडलेला पोचा अजून आहे. उद्यापनाच्या दुसऱ्याच दिवशी चार-पाच जणी बँकेच्या दारात गेल्या. तुम्ही नेहमीसारखे स्टुलावर, मांडीवर दुनळी बंदूक. काकू म्हणाल्या, "फौजीदादा, एक डाव ही बंदूक घेऊन टँकरपशी या. नुसती दाखवा. त्यो धोतरातच मुतंल." तुम्ही म्हणालात, "बंदूक बँकेची हाय, काकू. आन् त्यो धोतर घालत न्हाई, प्यांट घालतो." त्या हसत हसत परत आल्या, पण गल्लीत बोलणं सुरू झालं. पिक्चरमधला फौजी खरा, आपला नुसता मिशीचा.

मला ते झोंबलं. दुपारी तुम्ही ओट्यावर डबा उघडला आणि मी उभ्या उभ्याच बोलले. "दादा, त्या सिनेमातल्या माणसाचा एक पाय लंगडा होता तरी तो उठला. तुमचे दोन्ही धड आहेत. फौजेत काय स्टुलावर बसायला गेला होतात?" तुमच्या हातात घास होता. तुम्ही तो खाल्लात, नीट चावून. उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधलीत, बाटलीतलं पाणी प्यायलात आणि गेलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. लहानपणी सुट्टीवर यायचात तेव्हा वहीत खाडाखोड दिसली तरी कान पिळायचात. त्या दिवशी काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तुम्ही आलात. बंदूक नाही, काही नाही. डोक्यावर टोपी, इस्त्रीचा सदरा, खिशात खडू. घरोघर जाऊन म्हणालात, "घागरी बाहेर आना. मानसं आत बसू द्या, रांगंत भांडी उभी ऱ्हातील." प्रत्येक घागरीवर, कळशीवर, डब्यावर तुम्ही खडूनं नंबर घातलात आणि चार-चारच्या ओळी लावल्यात. दोरी धरल्यासारख्या सरळ. मला इतकं हसू आलं. काकू म्हणाल्या, "कवायत करतील का हो घागरी?" तुम्ही म्हणालात, "मानसापरीस बरी करत्यात. बडबड न्हाई." पहिल्या दिवशी टँकरवाल्या माणसानं ओळी पायानं मोडल्या. तुम्ही परत लावल्यात. दुसऱ्या दिवशी मोडल्या, परत लावल्यात. आठ दिवस हेच. तो ओरडायचा, "काय बे फौजी, परेड घेतो का?" तुमच्या अर्ध्या वयाचा माणूस तुम्हाला 'बे' म्हणायचा. तुम्ही म्हणायचात, "परेड न्हाई. पानी." गल्लीतले पुरुष लांबून बघायचे. हेसुद्धा दुकान उघडायच्या निमित्तानं निघून जायचे.

नवव्या दिवशी ते घडलं. मी तेव्हा आत चुलीपाशी होते, म्हणून पुढचं काकूंच्या तोंडून ऐकलेलं लिहिते. त्यानं आपल्या माणसाचा ड्रम ओळीच्या पुढे आणून ठेवला. तुम्ही ड्रमच्या आणि टँकरच्या मध्ये जाऊन उभे राहिलात. त्यानं तुमच्या थोबाडीत मारली. टोपी चिखलात पडली. सगळी गल्ली बघत होती, आता हा म्हातारा काय करतो. तुम्ही वाकलात, टोपी उचललीत, मांडीवर झटकलीत, डोक्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "एक नंबर, घागर पुढं घ्या." एक नंबर काकूंचा होता. काकू उठल्या. त्या मला नेहमी सांगायच्या, "माझं पाय असं कापत हुते, पन आगं, एवढं थोबाडीत खाऊन मानूस नंबर पुकारतो म्हनल्यावर जावं लागतंच की." त्यांनी घागर तोटीखाली धरली. दोन नंबरची उठली, तीन नंबरची उठली. टँकरच्या ड्रायव्हरनं तोटी सोडली. तो माणूस थोडा वेळ शिव्या देत उभा राहिला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. त्या दिवसापासून टँकर बंद होईपर्यंत आमच्या गल्लीत नंबरानं पाणी मिळालं. आजही पाणी आलं की बायका खडू शोधतात.

मग तुम्ही घरात आलात. गालावर बोटं उठली होती. मी म्हटलं, "काय झालं, दादा?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. रांग लागली." खाली बसलात. बाटली खांद्याला होती, भरलेली होती, हलली तेव्हा आवाज आला. तरी तुम्ही म्हणालात, "माय, पानी दे." मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. "दे की. नंबरानं आलंय." मी तांब्या भरून दिला. माझ्या घरचं तुम्ही प्यालेलं ते पहिलं पाणी. प्यायल्यावर तुम्ही तांब्या हातातच धरलात, आणि मी न विचारता बोललात. "पिक्चरमधी दाखवत न्हाईत, माय. गोळी लागल्यावर लई येळ लागतो. मानूस पानी मागतो. मी ज्याला मारलतं त्यानं मागितलं. मी दिलतं, ह्याच बाटलीतून. माझ्याच हातावर डोकं हुतं त्याचं." एवढंच. मग घड्याळ बघून बँकेत गेलात. पुन्हा त्याबद्दल कधी बोलला नाहीत, मीही काढलं नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्यानंतर तेरा महिन्यांनी मला मुलगी झाली. ती आता दुसरीत आहे, अक्षर तुमच्यासारखं उभं आहे, आणि नारायणगडाला नेलं की पायऱ्या मोजत चढते.

आज सिनेमा बघताना एक जागा अशी आली जी मला आठवत नव्हती. तेव्हा मी चुरम्याकडे बघायला आत गेले असणार. गुंड म्हाताऱ्याला रस्त्यात पाडतात. त्याची एक लेक आहे, लग्न झालेली. ती वरच्या खिडकीतून ते बघते आणि अनवाणी धावत खाली येते. सगळ्यांच्या देखत त्याचं डोकं मांडीवर घेते. बाकी सिनेमा आता बघवत नाही इतका फुसका आहे, रक्त तर कुंकू कालवल्यासारखं. पण तिथं काकूंच्या सुनेनं मला विचारलं, "काकी, रडायला काय झालं?" मी म्हटलं, चष्म्याची काडी टोचते, नवी आहे.

दादा, वर मी चुलीपाशी होते असं लिहिलंय, ते खोटं आहे. काकूंना आणि ह्यांनाही मी तेच सांगत आले, आणि आता तुम्हाला लिहितानासुद्धा हात आपोआप तिकडेच वळला. चुलीवर त्या वेळी काहीच नव्हतं. मी दारात उभी होते. त्यानं हात उचलला तेव्हा उभी होते, टोपी पडली तेव्हा उभी होते. तुम्ही टोपी घ्यायला वाकलात, आणि मला तुमची लाज वाटली. तुम्ही उलटून मारलं नाही याची. गल्ली माझ्याकडे बघेल म्हणून मी दार लोटून घेतलं आणि आतून कडी लावली. तुम्ही आलात तेव्हा ती मीच काढली, म्हणजे दार लावलेलं होतं एवढं तरी तुम्हाला कळलंच होतं. ते का, हे तुम्ही विचारलं नाहीत.

हे पत्र पेटीत पडणार नाही, हे मला कळतं. दिवाबत्तीची वेळ झाली, आता घडी करून पोथीत ठेवते. तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. टोपी उचलून ताठ उभे राहिलात तेव्हा तुमचं तोंड आमच्या दाराकडे होतं. मला दार लोटताना बघितलंत का, एवढंच उलट टपाली कळवा.