हत्याराची सुट्टी

बाबा,

आज आपल्या घरात वर्ग भरला. मुली चिरनेरच्या आणि मोरा बंदरातल्या, आपापल्या घरी फोनसमोर बसलेल्या, आणि मी मागच्या खोलीत, तुमचं मीठ ओढायचं लाकडी फावडं भिंतीला टेकून उभं असतं ना, त्याच्या शेजारी. तास संपेपर्यंत नेट एकदाही गेलं नाही. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल, म्हणून आधीचं सांगते.

मी बीएस्सी झाले, बाबा. आपल्या घरात पहिलीच. पनवेलच्या एका संस्थेनं मला दहावीच्या मुलींना घरूनच, व्हिडिओवर गणित शिकवायला घेतलं, पण तात्पुरतं. या शुक्रवारी, म्हणजे आज, संस्थेच्या बाई स्वतः तासाला बसणार आणि मग ठरवणार, असं होतं. दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. त्यानंतर राउटर, म्हणजे घरभर नेट सोडणारा तो छोटा डबा, मनाला येईल तेव्हा बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला. सगळे दिवे विझायचे, मग एकेक करून लागायचे, आणि तोवर माझ्या मुली पडद्यावरून गेलेल्या असायच्या. एकदा तर प्रमेयाच्या ऐन मध्यात. परत जोडलं गेल्यावर मोऱ्याची एक म्हणाली, "ताई, तुमचा त्रिकोण अर्धाच आला. बाकीचा लाँचनं पाठवा."

मी हसले खरी. नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही की मुली कंटाळतील आणि एकेक करून यायच्या थांबतील. गणिताला घाबरणारी मुलगी एकदा गेली की परत येत नाही, हे मला माझ्यावरून माहीत आहे. मी सुचेल ते सगळं करून पाहिलं. प्लग दुसऱ्या बोर्डाला लावला, फ्रिज बंद ठेवला, तापतोय का म्हणून हात लावला, तर गार होता. नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, एकदा बंद करून चालू करा." म्हटलं, "दादा, ते तो आपलं आपणच करतोय."

काल संध्याकाळी मी त्याच्यासमोर नुसती बघत बसले होते. आईनं देवाला दिवा लावला, तांब्यातल्या पाण्यात झेंडूचं फूल बुडवलं, आणि जाता जाता ते राउटरवर ठेवलं. फूल मी रोज बघत होते, पण घरातल्या फुलाकडे कोण लक्ष देतं? पाण्याचा एक ओघळ मागच्या वायरवरून आत उतरला आणि दिवे विझले. वायर ओढून पाहिली, तर पिनवर हिरवट कीट चढलेलं.

"आई, हे कधीपासून?"

"दसऱ्यापासून. तुझं हत्यार हाय ना ते?"

"अगं, पाणी आत जातंय त्याच्या."

"देवाला पानी चालतं, याला नाय चालत?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तीच हळू आवाजात म्हणाली, "तुझे बाबा गेल्यापासून घरात चालतं हत्यारच नव्हतं गो. फावडं पुजायची, पन ते आपलं उभंच. यंदा एक चालतं आलं."

मग मला तो दसरा दिसायला लागला, बाबा. मी पाचवीत आहे. तुम्ही फावडं धुऊन, पुसून पाटावर आडवं ठेवता, हळदकुंकू लावता आणि मला म्हणता, "तुझं पन हत्यार आन." मी कंपासपेटी आणते. तिलाही तुम्ही स्वतःच्या बोटानं कुंकू लावता, आणि मी एवढी फुगते की शेजारपाजारी सांगून येते. थोड्या वेळानं गृहपाठाला पेटी उघडायला जाते, तर तुम्ही खेकसता, "हात नाय लावायचा. आज सुट्टी हाय तिला. उद्यापासून वरीसभर काम हाय." मी रुसून बसते. दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही फावड्यावरचं कुंकू पुसता, ते खांद्यावर टाकून मिठागराकडे निघता, आणि जाताना माझी पेटी माझ्याच हातानं पुसायला लावता.

हे मी आईला सांगितलं. तिनं राउटरवरचं फूल उचललं. मग म्हणाली, "म्हंजे मी याला रोज सुट्टी दिली. मंग तो कामाला कसा येईल?" आम्ही दोघी इतक्या हसलो की दिवा लावल्यावर हसू नये, असं तीच म्हणाली आणि परत हसायला लागली.

आज सकाळी बाजारातून नवा अडॅप्टर आणला. डब्याची खाच पुसून पंख्याखाली वाळवली, डबा खिडकीच्या फळीवर हलवला. झेंडू आजपासून तुमच्या फावड्यावर, त्याला पाण्याची सवय आहे. बाई तासभर वहीत टिपत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सोमवारपासून हा वर्ग तुमचाच." मोऱ्याच्या त्या मुलीनं लगेच विचारलं, "ताई, आज त्रिकोण अख्खा आला. लाँचमध्ये त्याला त्रास नाय ना झाला?"

हे पत्र घडी करून त्याच कंपासपेटीत ठेवते. एक गोष्ट मात्र आईला सांगितलेली नाही. मी विज्ञानाची पदवीधर, तिला काल एवढं समजावलं, आणि तरी आज वर्ग सुरू व्हायच्या आधी, ती स्वयंपाकघरात आहे असं बघून, मी राउटरला नमस्कार केला. कोरड्या हातानं.