चार बोटं सूर्य

मंगळवार पेठ, कोल्हापूर
मंगळवार सकाळ, दूध यायच्या आधी

चिरंजीव म्हणावं तर तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी थोरला, आणि तीर्थरूप म्हणावं तर तुझा चेहरा आठवून ते लिहवत नाही, असे माझे मित्र सोमशेखर यांस,

बापूसो मगदूमचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी डावा गुडघा टेकत नाही, तेवढं सांभाळून घे.) माझा जय जिनेंद्र सोबत आहेच, आणि तुझ्याकडून मला यायचं शरणू शरणार्थीसुद्धा मीच इथं लिहून टाकतो, कारण तुझ्याकडून काही येतच नाही. फोन केला की तू एकदा 'हं' म्हणतोस आणि फोन सूनबाईच्या हातात देतोस. म्हणून पत्राचा घाट घातला. पत्राला नुसतं 'हं' म्हणून सुटता येत नाही.

(सौंदर्या, बाळ, हे पत्र तुझ्या सासऱ्याला तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तू निपाणीची, तुझं मराठी तुझ्या नवऱ्यापेक्षा बरं. एक कर. ज्या कंसाच्या सुरुवातीला तुझं नाव असेल तो मनातल्या मनात वाचायचा. हासुद्धा.)

तुझी तब्येत कशी आहे? झटका आल्यापासून उजवा हात काय म्हणतो? बंगळूरचा फिजिओथेरपीवाला घरी येऊन तुला रबरी चेंडू दाबायला देतो असं ऐकलं. ज्या हातानं चाळीस वर्षं मला डोंगरावर धरून ठेवलं त्या हाताला चेंडू देणं म्हणजे अपमानच आहे, पण डॉक्टर सांगतील ते ऐक. माझी प्रकृती विचारशील (विचारणार नाहीस, पण रीत आहे) तर एकदम ठणठणीत. सत्तरी गाठली तरी दात घासताना एका पायावर उभा राहतो, वरच्या दातांना उजवा पाय, खालच्यांना डावा. गॅसची टाकी जिन्यानं वर नेतो आणि परत खाली आणतो. परवा टाकीवाला म्हणाला, "आजोबा, एकदा ठरवा काय ते." बोटांच्या ताकदीसाठी अक्काताईच्या घरी जाऊन भाकरीचं पीठ मळतो. (सौंदर्या, अक्काताई म्हणजे माझी थोरली बहीण. गल्लीच्या टोकाला राहते. मला दोन वेळचा डबा तिच्याकडूनच येतो.) तिचं म्हणणं, मी मळलेल्या पिठाची भाकरी खायची तर दातांनाही व्यायाम लागेल.

लोंबकळण्याचा व्यायाम मात्र अंगाशी आला. तुला आमच्या पहिल्या मजल्याची गॅलरी आठवत असेल. तिच्या बाहेरच्या कडेला मी रोज पहाटे बोटांवर लोंबतो. गल्लीला ते माहीत आहे, कुत्री भुंकत नाहीत. पण समोर नवे भाडेकरू आलेत. त्यांनी अंधुक उजेडात दोन पाय बघितले आणि "चोर, चोर" म्हणून जी बोंब ठोकली, की दोन्ही बाजूंच्या गल्ल्या जाग्या झाल्या. खाली एकजण काठी घेऊन उभा, म्हणून उतरता येईना. आणि ओरडाओरडीत बोटांतला जोर संपला, म्हणून वर जाता येईना. शेवटी अक्काताई आली. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "चोर कुठला? माझा भाऊ हाय. लोंबू दे अजून जरा, तेवढाच गप बसतोय." तिच्या एवढ्या शिफारशीवर सुटलो.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या दिवाळीनंतर मुलाच्या गाडीत बसताना तू डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "बाप्या, आता दोराला दुसरा माणूस बघ." तू सांगितलंस म्हणून मी बघितला. नाव आकाराम पैलवान. आपल्या तालमीतलाच. वय पस्तिशीच्या आसपास, वजन एकशे दहा किलो, मान नाही. मी त्याला तालमीच्या दारात विचारलं, मी चढलो तर मला धरशील का? त्यानं मला तिथंच धरलं. मी सुटायची खटपट केली, पण सुटलो नाही. तेव्हाच ठरवलं की माणूस मिळाला.

रविवारी दुपारी त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही जोतिबाच्या डोंगराच्या मागच्या अंगाला, आपण ज्याला म्हशीचं कपाळ म्हणतो त्या कड्याशी गेलो. (मागं बसायला जागा होती असं मी म्हणणार नाही.) कडा आहे तिथंच आहे, तसाच काळा. आपण वर्कशॉपात लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे खिळे घडवून ठोकले होते, त्यातले दोन अजून दिसतात, गंजलेत पण हलत नाहीत. माथ्याशी नंतर बसवलेली चांगली कडीही ठाकठीक. मागच्या वाटेनं वर जाऊन मी दोर तिच्यातून ओवून खाली सोडला आणि पैलवानाला नीट समजावलं. "दोराचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं वरच्या कडीतून फिरून तुझ्या हातात. मी चढलो की तू ओढून घ्यायचा, मी 'ढील' म्हणालो की सोडायचा." त्यानं सगळं ऐकून होकार दिला.

पहिली दोन पुरुष उंची काय सांगू तुला! दगड उन्हानं तापलेला, आणि कुठं काय आहे ते माझ्याआधी बोटांनाच आठवत होतं. गुडघा कुरकुरला नाही. सत्तर वर्षं कुठं गेली कोण जाणे. मी म्हशीच्या डोळ्याच्या कपारीखाली पोचलो. तिथून तुला ठाऊक आहे, सरळ जाता येत नाही, डावीकडं सरकावं लागतं आणि त्यासाठी दोर थोडा सैल लागतो. मी ओरडलो, "ढील!" दोर ताठ झाला. पुन्हा ओरडलो, तर आणखी ताठ. खालून आवाज आला, "काका, भिऊ नगा! धरलेला माणूस सोडायचा ही शिकवणच न्हाय आमाला!" आणि पैलवान दोर छातीशी धरून पाठीमागं चालायला लागला. रस्ता ओलांडला, बांध ओलांडला, उसात शिरला. ऊस मोडल्याचा आवाज मला वर ऐकू येत होता. मी चढलो असं लिहिणं खोटं होईल, विहिरीतली बादली जशी वर येते तसा मी आलो आणि कडीखाली अडकून राहिलो.

एवढ्यात जोतिबाहून परतणारे लोक गुलाल लावलेल्या कपाळानं खाली जमा झाले. मोडलेला ऊस बघून उसाचा मालकही आला. पैलवान उसातून ओरडत होता, "मी सोडत न्हाई, काका पडतील की!" मी वरून ओरडत होतो की अरे हळूहळू सोड, पडणार नाही. गर्दीतल्या एकानं विचारलं, "पावणं, वर कशाला गेलायसा?" मी सांगितलं, गेलो नाही, नेलं मला. दुसऱ्यानं विचारलं की उपोषण कशासाठी चाललंय. त्याला नाही म्हणवेना, कारण उपोषणाचीच वेळ येत चालली होती. अक्काताईनं दशम्या आणि दही दिलेला डबा खाली दगडावर, आणि दिवस कलायला लागलेला.

आता बघ, चढणाऱ्याचं तोंड दगडाकडं आणि पाठ सूर्याकडं. दिवस किती उरलाय हे वरच्या माणसाला कळत नाही. मान वळवून बघायला गेलो तर मानेत उसण भरली. समोर दगडावर माझी सावली तेवढी दिसत होती, ती लांब होत होत फिकी झाली. तू शैव, रात्री अकरालाही भात ओरपणारा. पण सूर्य बुडाल्यावर मी अन्नपाणी घेत नाही हे तू इतकी वर्षं माझ्यापेक्षा जास्त सांभाळलंस. एका हातात दोर, दुसरा हात लांब करून डोंगर आणि सूर्य यांच्यात बोटं धरायचास आणि ओरडायचास, "बाप्या, चार बोटं ऱ्हायली!" म्हणजे घटकाभर दिवस आहे, उतर. नाहीच उतरलो तर सुतळीला बांधून डबा वर यायचा, आणि मी म्हशीच्या डोळ्यात बसून जेवायचो. मला सवयच लागली होती रे. परवा मी न राहवून खाली ओरडलो, "किती बोटं राहिली?" गर्दीला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. एकानं हात वर करून पाच बोटं दाखवली, मग सगळ्यांनीच हात हलवले. मीही हलवला. दुसरं काय करणार?

(सौंदर्या, हे वाचू नकोस. तेव्हा मला रडू आलं. पडायची भीती नव्हती, तो पैलवान मला मरेपर्यंत सोडणारा नव्हता. पण खाली पन्नास माणसं वर बघत होती आणि माझ्यासाठी सूर्याकडं बघणारं एकही नव्हतं.)

शेवटी गर्दीतल्या एका म्हातारीनं, डोक्यावर पाटी तशीच ठेवून, पैलवानाला सांगितलं, "आरं पैलवाना, सोडू नगंस. पर गेलास तसा ये की म्होरं." अख्ख्या गर्दीला हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. पैलवान मूठ न उघडता उसातून बाहेर आला, बांध, रस्ता, एकेक पाऊल पुढं. आणि तो कड्याकडं येईल तसतसा मी खाली. माझे पाय जमिनीला लागले तेव्हा सूर्य गेलेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पैलवानानं डबा पुढं केला. "खावा की काका दोन घास. कोण बघतंय हितं?" खरंच कोणी बघत नव्हतं. मी डबा त्यालाच दिला. त्यानं चार दशम्या आदरपूर्वक खाल्ल्या.

असो. तेव्हा माझी काळजी नसावी. दोराला माणूस मिळाला आहे, व्यायाम चालू आहे, कडा जाग्यावर आहे. वडीलधाऱ्यांस नमस्कार सांगायची रीत आहे, पण अक्काताई सोडली तर आपल्याहून वडील आता कोण उरलंय ते आठवून कळव, म्हणजे सांगता येईल. लहानांस आशीर्वाद.

तुझा,
दोराच्या वरच्या टोकाचा
बापूसो

ता. क. आकाराम पुन्हा येणार नाही. काल भेटला. म्हणाला, "काका, तुमी लई हलकं हायसा. जोर लावल्यागत वाटतच न्हाई." उसाचा मालकही त्याला पुन्हा बांधावर येऊ देणार नाही.

ता. क. २. (सौंदर्या, दोर पोत्यात भरून माळ्यावर टाकलाय. रविवारपासून गॅलरीला लोंबलो नाही. काल अक्काताईनं पीठ मळायला बोलावलं, तरी गेलो नाही. रोज उठून ताकद कमवायची ती कशासाठी, हे मला त्या कडीखालीच कळेनासं झालं. त्याला हे सांगू नकोस, तो उगीच वाईट वाटून घेईल.)

ता. क. ३. सौंदर्या, मी विचार केला. सगळे कंस वाच. आणि हे कंसाबाहेरचं आहे, सावकाश आणि मोठ्यानं वाच. सोम्या, पुढच्या महिन्यात मुलाला तुला इकडं घेऊन यायला सांग. दोर धरायला मी कुणालाही उभा करीन, ती आता तुझी जबाबदारी नाही. म्हशीच्या कपाळासमोर रस्त्याकडेला सावली आहे, तिथं खुर्ची टाकतो. तू बसायचं. सूर्य मोजायला चार बोटं लागतात आणि ती डाव्या हातालाही आहेत. शब्द नीट फुटत नसतील तर नुसतं 'हं' म्हण, मला वर ऐकू येईल. बरा होऊन ये असं मी म्हणत नाही. गेलास तसा ये.