आपल्या घराण्याची हनुवटी

चि. छोट्यास दादाचे आशीर्वाद.

(चौसष्ट वर्षांचा झालास तरी मला तू छोट्याच. तक्रार असेल तर बायकोकडे कर.) तुझी कंबर कशी आहे? गरम पाण्याच्या पिशवीने शेकतोस की नुसताच कुरकुरतोस? माझी तब्येत ठणठणीत आहे. डोकं मात्र चार दिवसांपासून तापलंय, आणि त्याला कारण एक दातांची डॉक्टरीण.

झालं असं, की नातीच्या शाळेत दात तपासले आणि घरी चिठ्ठी आली: खालचे दात वरच्या दातांच्या पुढे बसतात, तज्ज्ञांना दाखवा. मी म्हटलं, हा काय आजार आहे? ही आपल्या घराण्याची हनुवटी आहे. बाबांची होती, माझी आहे, तुझी आहे. पण सूनबाईने ऐकलं नाही. मीही सोबत गेलो (कोणीतरी ठाम माणूस हवा ना). डॉक्टरीणबाईंनी नातीचं तोंड पाहिलं, मग वळून माझ्याकडेच टक लावली, आणि विचारलं काय, तर आजोबा, तुम्ही सफरचंद कसं खाता? मी ताठ मानेने सांगितलं, सुरीने फोडी करून. आमच्या घरात कोणी लचके तोडत नाही. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, पण दोरा कधी दाताने तोडला नाही, कात्रीनेच कापला. त्यावर तिने कागदाची एक पट्टी माझ्या पुढच्या दातांत दिली आणि घट्ट धरायला सांगितलं. मी धरली. तिने दोन बोटांनी ओढली, अलगद बाहेर! तीनदा केलं हे, आणि तिन्ही वेळा नात खिदळली. म्हणजे बघ, तू एकदा अख्खं सफरचंद दाढेने कुरतडलंस म्हणून बाबांनी तुला अर्धा तास उभं केलं होतं, ती शिस्त नव्हतीच! आपले दात एकमेकांना भेटत नाहीत, एवढंच कारण. परक्या बाईने पाच मिनिटांत तीन पिढ्यांचं वळण निकालात काढलं.

बरं, उपाय तरी एक सांगावा? तीन सांगितले. पहिला, काहीच करायचं नाही. वाढ पूर्ण होऊ द्यायची आणि अठरा-वीस वर्षांची झाल्यावर गरज पडली तर शस्त्रक्रिया करून जबड्याचं हाड सरकवायचं. (हे सांगताना बाई पेनाचं टोपण लावत होती!) दुसरा, दात सगळे आले की तारा लावायच्या, दात ओळीत येतील, पण तारांनी जबडा हलत नाही. तिसरा, आत्ताच टाळूला एक प्लेट बसवायची, तिच्यातला स्क्रू काही आठवडे रोज बारीक किल्लीने थोडा थोडा फिरवायचा, आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारा एक सांगाडा घालून रबरांनी वरचा जबडा पुढे ओढायचा. नऊ-दहा महिने. त्यातही हमी नाही, वयात येताना खालचा जबडा पुन्हा पुढे जाऊ शकतो म्हणे. पण नववं वर्ष आहे तोवर हाड ऐकतं, पुढे ऐकेलच असं नाही. आणि एवढं सांगून, विचार करून कळवा! मी कधी गिऱ्हाइकाला तीन बाह्या दाखवून घरी पाठवलं होतं का?

मुलाने आणि सूनबाईने तिसरा उपाय ठरवला, तर नात अडून बसली. का, तर आजोबांची हनुवटी आहे, ती मी बदलणार नाही. जन्मल्यापासून मीच तिला आरशासमोर धरून हे शिकवलंय, त्यामुळे मला बोलायलाही जागा नाही. तिचा डबा रोज अर्धा परत येतो, घास न चावता गिळते म्हणून पोट दुखतं, आणि खालच्या एका दाताची हिरडी आत्ताच खाली गेली आहे. मी समजत होतो पोरगी नाजूक आहे. सांगाडा काही जबरदस्तीने घालता येत नाही. शेवटी सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलंत तरच ऐकेल ती." धिटाई बघ! नातीसमोर बसून मी माझ्याच तोंडाची निंदा करायची! मी साफ नकार दिला आणि न जेवता उठलो. माझं काही चुकलं असेल तर उलट टपाली कळव. चुकलेलं नाहीच.

तुझा,
दादा

ता. क. पत्र तीन दिवस पाकिटातच राहिलं. काल तिला सांगितलं. आपल्या दुकानात चाळीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून जेवलो, कारण घास तुटत नसे आणि लोक बघत, हे सांगितलं. तिने विचारलं, दुखतं का? म्हटलं, हो, रोज. तर म्हणाली, मग मला कौतुकाने कशाला सांगत होतात? फार उद्धट झाली आहे. आज प्लेटची मापं दिली. किल्ली मी फिरवणार. बारीक कामाचा हात घरात माझाच आहे.

आणखी एक. तुझ्या धाकट्या नातीची हनुवटी धरून मी चारचौघांत "ही आमचीच" म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो. सात वर्षांची आहे ना ती? गुरुवारी साडेदहाची वेळ घेऊन ठेवली आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. निघण्यापूर्वी पोरीला जवळ बसव आणि तुला जेवताना काय होतं ते खरं सांग. मला ठाऊक आहे, छोट्या. आपण दोघं एकाच भिंतीकडे बघून जेवायचो.